कपारीतल्या चुलीची राख

गावात समोरासमोर सगळे त्याला नत्थुजी म्हणतात, आणि पाठ फिरली की कपाऱ्या. त्यात रागावण्यासारखं काही नाही. माणूस जिथं जन्मला तिथलं नाव त्याला चिकटणारच, आणि नत्थुजी जन्मला तो डोंगराच्या कपारीत. बाकीच्यांच्या जन्माच्या वेळी डोक्यावर गवताचं छप्पर होतं, फार तर कौलं होती. याच्या डोक्यावर अख्खा गाविलगडचा डोंगर होता. म्हणून टाळकं एवढं टणक निघालं, असं त्याची बायको दुर्गाबाई म्हणते. आणि ती म्हणते म्हणजे तपासूनच म्हणत असणार.

तो काळ पेंढाऱ्यांचा होता. घोड्यांची धूळ दिसली की गावं रिकामी व्हायची. ज्याला जिथं सुचेल तिथं त्यानं पळायचं. नत्थुजीच्या बापानं पोटुशी बायको आणि बारा वर्षांची पोर गोदा यांना घेऊन डोंगर धरला. आपल्या गावापासून दीड कोसावर, सागाच्या रानात, कड्याखाली एक मोठी कपार आहे. पावसात आईनं पोराच्या डोक्यावर पदर धरावा तसा डोंगर तिथं पुढे आला आहे. आत आधी कोण राहून गेलं ते कोणाला ठाऊक नाही, पण छताला गेरूनं काढलेले बोटभर रेडे आणि हरणं आहेत, आणि जमिनीच्या खडकात एक उखळ कोरलेलं आहे. बापानं पुढून दगडमातीची भिंत घातली, सागाचे दोन खांब रोवून दारापुढे पडवी काढली. आईनं पडवीतच खांबाजवळ तीन दगडांची चूल मांडली. घर झालं.

खाली जायला कधी मिळणार ते कळेना, म्हणून आईनं दिवस मोजायला एक युक्ती काढली. चुलीपाशी बसलं की उजव्या हाताला खांब यायचा. दर अवसेला ती विळ्यानं त्याच्यावर बुडाशी एक खाच पाडायची. चार खाचा तिनं पाडल्या. पाचव्या अवसेच्या आधी नत्थू झाला आणि ती गेली. पुढच्या सात खाचा गोदाच्या हातच्या. बाप दाणे शोधायला खाली जायचा आणि बारा वर्षांची पोर कोणा कोरकूच्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं नत्थूच्या तोंडात पिळायची. अकराव्या खाचेनंतर ते खाली उतरले. नत्थुजी आज जो काही आहे तो त्या बोळ्यावर आहे, आणि हे तो स्वतः चारचौघांत सांगायचा. पूर्वी सांगायचा.

पुढे गोदाला अकोटाकडे दिली. लेकराबाळांत ती रमली, पण दर आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेरी यायची. आखाजीला आपण पितरांची घागर भरतो, ती हिनं कपारीत भरायची असं तिनंच ठरवलं होतं. घर सारवायचं, झिऱ्याचं पाणी घागरीत भरायचं, आईची चूल पेटवून तिच्यावर ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, आणि निघताना चुलीतली मूठभर राख बांधून न्यायची. ती राख कपाळाला लावायची आणि उरलेली बियाच्या ज्वारीत मिसळायची. राखेनं किडा लागत नाही हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. गोदाबाईच्या लेखी त्या राखेचा पहारा जरा जास्तच कडक होता.

मग तिचे डोळे गेले. मोतीबिंदूनं आधी एक नेला, मग दुसरा. अकोटाहून दोन दिवसांचा रस्ता, त्यात डोंगर. तिनं काम नत्थुजीवर सोपवलं. दर आखाजीला गोवर्धन कासार बांगड्यांचं ओझं घेऊन इकडे यायचा, त्याच्या हाती ती कण्यांची पुरचुंडी पाठवायची. परत जाताना गोवर्धननं राखेची पुरचुंडी न्यायची. पहिली काही वर्षं नत्थुजीनं हे इमानानं केलं. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की शेजाऱ्याचं वाईट तेवढंच सांगतात.

पण मग तो कापूस आला.

कुठल्याशा दूरच्या मुलखात, अमेरिकेत म्हणे, लढाई जुंपली, आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याची किंमत आली. जे कधी अंजनगावच्या पुढे गेले नव्हते ते अमरावतीच्या पेठेत मुंबईच्या दलालांशी मांडीला मांडी लावून बसू लागले. नत्थुजीनं डोक्याला जरीचा मंदिल बांधला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैल बिचारे एकमेकांकडे बघून लाजायचे. त्या पहिल्या साली आखाजी आली तेव्हा नत्थुजी अमरावतीला होता. भाव रोज चढत होता, कापसाच्या बैलबंड्या भरून उभ्या होत्या, आणि आज विकावं की उद्या या विचारात आखाजी कधी होऊन गेली ते त्याला गावी परतल्यावर, गोवर्धन ओट्यावर बसलेला दिसला तेव्हा आठवलं.

गोवर्धन निघायच्या घाईत होता. नत्थुजी आत गेला आणि दुर्गाबाईच्या चुलीतली मूठभर राख फडक्यात बांधून घेऊन आला.  दुर्गाबाईनं फुंकणी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. आणि तिचं पाहणं कसं असतं ते आपल्या आळीला माहीत आहे. नत्थुजीनं गोवर्धनला वर निरोपही दिला, की घर झकास सारवलं आहे, झिऱ्याला पाणी आहे, दाराशी पाकोळ्यांनी घरटं केलं आहे. ती पाकोळी त्याच्या तोंडून अशीच उडून गेली. खोट्याला जरा पंख लावले की ते खरं वाटतं, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या साली पीक आणखी वाढलं. भाव पडला तर थांबता यावं म्हणून कापूस भरून ठेवायला बखार हवी झाली. अख्खा तालुका बखारी बांधत होता, साग मिळेना. चंद्रभान सुतार म्हणाला, जुनं वाळलेलं लाकूड असेल तर उत्तम, उद्या उभी करतो. आणि नत्थुजीला जुनं वाळलेलं लाकूड आठवलं.

तो स्वतः गेला नाही. गडी पाठवले. गड्यांनी कपारीतले दोन्ही खांब उपटून बंडीत घालून आणले. चंद्रभाननं मापं घेतली. एक खांब मापापेक्षा दीड हात जास्त भरत होता. कुठून कापू, त्यानं विचारलं. वरून कापलं तर लाकूड निकोप होतं, वाया गेलं असतं. बुडाशी खाचा होत्या.

“खालून काप,” नत्थुजी म्हणाला. “खाचा हायेत, थितं लाकूड कच्चं झालं असंल.”

चंद्रभाननं कापलं. तो दीड हाताचा ओंडका आठवडाभर अंगणात लोळत होता. दुर्गाबाईनं एकदा विचारलं, याचं काय करायचं. जळणात टाक, तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं, नीट विचार करून सांगा. त्याला बखारीवर गवत चढवायचं होतं, तो चिडला. मग तिनं तो टाकला. साग चांगला जळतो. दोन दिवस त्या घरच्या भाकरी अशा काही फुगल्या की वास आळीभर गेला. आणि मग आखाजीला गोवर्धन आला, आणि नत्थुजीनं चुलीतून मूठभर राख काढून दिली.

तिसऱ्या साली मात्र जायला कोणतीच अडचण नव्हती. बंड्या घरी होत्या, बैल घरी होते, नत्थुजीही घरी होता. पहाटे उठून त्यानं घागरसुद्धा बंडीत ठेवली. मग वेशीपर्यंत गेला आणि परत आला. दोन खड्डे दिसतील, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षं गेलो नाही म्हणून तिसऱ्या वर्षीही जाता येईना. असं आपल्यालाही सावकाराच्या दारावरून जाताना होतं, पण इथं तर सावकार म्हणून कोणी नव्हतं. होती ती एक चूल. गोवर्धनला राख मिळाली, आणि निरोपात पाकोळ्यांची घरटी तीन झाली.

चौथ्या साली आखाजीच्या सहा दिवस आधी गोवर्धन आला. या खेपेला कण्यांची पुरचुंडी आणली नव्हती. म्हणाला, गोदाबाई स्वतः येणार आहेत. मुलगा दमणी, छपराची हलकी बैलगाडी, जोडून देणार आहे.

नत्थुजीचा चेहरा त्या दिवशी ज्यांनी पाहिला त्यांना वाटलं, भाव पडला. भाव खरंच पडत होता, पण चेहऱ्याचं कारण ते नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तो एकटा कपारीत गेला. बरोबर खराटा, पाटीभर शेण, आणि सालईचे दोन ओले वासे. कपार पाहून तो आधी खाली बसला. खांब गेल्यावर पडवी पडली होती, ती पडली म्हणून भिंतीत पाणी शिरलं होतं, भिंतीचा अर्धा भाग बसला होता. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे पुढचे दोन दात पडावेत आणि तो तरी आपल्याकडे पाहून हसत असावा, तसं ते घर दिसत होतं. आत साळिंदराचे काटे आणि वटवाघळांची लेंडी. चुलीचा एक दगड गडगडत उखळापर्यंत गेला होता. छतावरचे रेडे आणि हरणं मात्र जशीच्या तशी होती. त्यांच्यासाठी कोणाला काही करावं लागत नव्हतं.

तीन दिवस तो लपूनछपून राबला. भिंत लिंपली, वासे रोवले, वर पळसाची पानं टाकली, चूल मांडली, सारवलं. एवढे कष्ट त्यानं त्या तीन वर्षांत कापसाच्या एका शेतातही स्वतःच्या हातानं केले नव्हते. आणि खांबाचं विचारलंच तर काय सांगायचं ते त्यानं डोंगर उतरता उतरता पाठ करून टाकलं: वाळवी लागली होती.

गोदाबाई आली. साठी झाली होती, पण काठी टेकत दमणीतून उतरली ती ताठ. तिनं नत्थुजीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मंदिल चाचपला आणि म्हणाली, एवढं कापड डोक्यावर वागवायला मान दुखत असेल. दुर्गाबाई बऱ्याच महिन्यांनी मनापासून हसली.

आखाजीला सकाळीच बहीणभाऊ निघाले. दुर्गाबाईनं यायला नकार दिला. तिला म्हणे घरी काम होतं. वाट चढणीची, दमणी हळू चालत होती. गोदाबाई वाटभर विचारत होती. झिऱ्याला पाणी आहे ना? भरपूर आहे. उखळ तसंच आहे? तसंच आहे. इथवर नत्थुजीला खरं बोलता आलं आणि त्याला फार बरं वाटलं. मग तिनं पाकोळ्यांचं विचारलं. चार घरटी, तो म्हणाला, आणि चाबूक नसतानाही त्यानं बैलाला उगाच हात दाखवला.  थोड्या वेळानं ती त्याच्या लहानपणाचं सांगू लागली: बोळा तोंडात धरून झोपायचा, काढला की रडायचा. हे त्यानं शंभरदा ऐकलं होतं, आणि शंभरदा ऐकताना त्याला गंमत वाटली होती. आज त्याला वाटलं, हिनं हे नको सांगायला.

कपारीशी दमणी थांबली. त्यानं तिला हाताला धरून पडवीत नेलं, चुलीपाशी बसवलं, पण डाव्या बाजूला. खांब हाताला लागू नये म्हणून. गोदाबाईनं जमिनीवर तळहात फिरवला. मग तो नाकाशी नेला.

“कवा सारवलं रे?”

“गेल्या आखाजीले.”

“अन् शेणाचा वास अजून गेला नाही? लई चांगल्या गाईचं असंल.”

 घागर भरायला म्हणून नत्थुजी झिऱ्यापाशी गेला आणि घागर भरून वाहू लागली तरी तिथंच उभा राहिला. परत आला तेव्हा गोदाबाईनं लुगड्याच्या ओच्यातून एक लहानशी पुरचुंडी काढली होती. तिनं त्याचा हात मागितला आणि त्याच्या तळव्यावर दोन काळी, वाळकी टरफलं ठेवली. जळकी होती, पण शेतकऱ्याला ओळखायला वेळ लागतो का? कापसाच्या बोंडाची टरफलं. कपाशीची वाळली झुडपं, पऱ्हाट्या, जाळल्या की चुलीत अशी अर्धवट उरतात. वऱ्हाडातल्या निम्म्या चुली पऱ्हाट्यांवर चालतात.

“डोंगरात पऱ्हाटी कवापासून पिकाले लागली रे, नत्थू?”

नत्थुजीनं टरफलं उलटी करून पाहिली. 

ती रागावली नव्हती. तीच तर पंचाईत होती. ती सांगत गेली, की पहिल्या सालची राख कपाळाला लावताना बोटाला हे लागलं. डोळे गेल्यावर बोटं जास्त शहाणी होतात. तिनं मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. म्हटलं, कामाचा माणूस आहे, राहून गेलं असेल. तिसऱ्या सालीही पुन्हा तेच टरफल.

“पन मधल्या सालची राख खरी होती,” ती म्हणाली. “तिच्यात सागाचा कोळसा होता, पक्का, दातानं फुटला नाही असा. मंग मले समजलं, पोरगा गेलता. दोनदा नाही जमलं, एकदा गेलता. मले तेवढं पुरलं.”

काय सांगावं! इतके दिवस माणूस पकडला जाण्याच्या भीतीनं वाळत होता. तो पकडला गेला आणि त्याच घटकेला माफही झाला. आणि माफी मिळाली ती नेमकी त्या गोष्टीसाठी, जी साऱ्यांत काळी होती. शिक्षा झाली असती तर तो रडून मोकळा झाला असता.  दोन टरफलं त्यानं मुठीत धरली, एवढंच.

गोदाबाई उठली आणि चाचपडत चुलीच्या उजवीकडे सरकली. तिचा हात हवेत फिरत खांबावर आला. सालईची साल ओलसर, गुळगुळीत. हात खाली गेला, बुडाशी गेला, पुन्हा वर आला.

“हा थो नव्हे,” ती म्हणाली.

“वाळवी लागली व्हती,” नत्थुजी म्हणाला. पाठ केलेलं होतं, लगेच आलं.

तिचा हात खांबावरून खाली आला.  मग म्हणाली, असेल, पन्नास वर्षं होत आली, आपल्याला लागते तशी लाकडालाही लागायचीच. पुन्हा विचारलं नाही. एवढं सोपं गेलं. तीन दिवस डोंगर चढून, उतरून, घोकून आणलेलं खोटं तिनं घोटभर पाण्यासारखं पिऊन टाकलं, आणि नत्थुजीला वाटलं, आता मी सुटलो. आता कोणालाच कळणार नाही. दुर्गाबाई बोलणार नाही; चंद्रभानला खाचा कशाच्या ते माहीत नाही.

तेवढ्यात गोदाबाईनं पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर राख होती.

“हे मधल्या सालची,” ती म्हणाली. “बियात टाकली अन् इतकी ठेवली होती. इकडं ये.”

तिनं अंगठा राखेत बुडवला आणि डाव्या हातानं त्याचं कपाळ शोधू लागली. बोटं मंदिलाच्या काठावर आली, मंदिल मागे सरकवला. लहानपणी दूध पाजल्यावर ती असंच त्याचं तोंड पुसत असणार. अंगठा कपाळाजवळ आला, आणि नत्थुजीनं तिचं मनगट धरलं.

“बाई, थांब. थे नको लावू.”

“काहून?”

“थे आईच्या खांबाचं हाय.”

मग सगळं बाहेर आलं. सुसंगत काही नाही. आधी बखार, मग गडी, मग अमरावती, मग पुन्हा बखार. कापसाचा भाव किती होता तेही त्यानं मध्येच सांगितलं, जसं काही त्यानं फरक पडणार होता. गोदाबाईनं त्याचं बोलणं एकदाही तोडलं नाही. तो थांबल्यावर तिनं दोनच गोष्टी विचारल्या.

“खाचा होत्या थितूनच कापलं?”

“हो.”

“सुताराले कोनं सांगतलं, खालून काप म्हणून?”

इथं अजूनही वाट होती. चंद्रभानचं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता.

“म्याच,” नत्थुजी म्हणाला.

तिनं अंगठा गाठीतल्या राखेवर झटकला, कण न् कण, आणि गाठ पुन्हा बांधली. मग चूल पेटवायला काड्या मागितल्या. आपल्या हातानं कण्या शिजवल्या, घागरीला कुंकू लावलं, आईच्या नावानं पाणी सोडलं. सगळं रीतीप्रमाणे. कण्या झाल्यावर पानात आधी त्याला वाढलं, कारण सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि हे तिला न सांगता माहीत होतं.  तो जेवेपर्यंत ती हात धुऊन बसली होती. स्वतः तिनं एक कण तोंडात टाकला आणि झालं.

गावात आल्यावर ती घरात शिरली नाही. मला बखारीत ने, म्हणाली. बखार तेव्हा आढ्यापर्यंत भरलेली होती. कापसाच्या ढिगाऱ्यातून वाट काढत नत्थुजीनं तिला त्या खांबापाशी नेलं. ती खाली बसली, आणि करवतीनं कापलेला त्याचा पाय जिथं दगडावर टेकला होता तिथं तिनं बोटं लावली. तिच्या लुगड्याला, केसांना सगळीकडे कापूस चिकटला होता. दुर्गाबाई दाराशी उभी होती, तिनं ते पाहिलं. तिच्याकडूनच आम्हा एकदोघा शेजाऱ्यांना कळलं. ती सहसा रडत नाही, पण सांगताना तिनं डोळ्याला पदर लावला होता.

“आखूड झाला,” नत्थुजी म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला.

“खाले गोटा दे,” गोदाबाई म्हणाली. “पन थितं नेऊन लाव.”

दुसऱ्या दिवशी दमणीत बसताना तिनं पदराची ती गाठ सोडून राख एका फडक्यात बांधली आणि नत्थुजीच्या हातात दिली.

“हे तुह्यापाशी ठेव,” ती म्हणाली. “माह्याच्यानं आता कपाळाले लावनं होत नाही, अन् टाकून देनंही होत नाही.”

दमणी वेशीबाहेर गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी नत्थुजीनं बखार रिकामी करायला घेतली. गावानं त्याला वेड्यात काढलं. भाव उतरत होता, सगळे धरून बसले होते, आणि हा आलेल्या किमतीला देऊन टाकत होता. कोणी म्हणालं, अमरावतीहून काही बातमी कळली असेल याला, मोठा आतल्या गाठीचा आहे. त्याच महिन्यात लढाई संपल्याचं वर्तमान आलं आणि भाव कोसळले. तेव्हा तर लोक त्याच्या हुशारीचे दाखले देऊ लागले. नत्थुजीनं कोणाला काही सांगितलं नाही. ती शाबासकी त्यानं मान खाली घालून घेतली, आणि ती खाली गेलेली मान लोकांना विनय वाटली.

बखारीला दुसरे वासे लागले; दोन्ही जुने खांब आता कपारीत परत आहेत. एकाच्या पायाखाली दीड हाताचा दगड आहे. गुराखी म्हणतात, नत्थुजीनं खांबाला जोडा घातला, आणि तोही एकाच पायात. तो स्वतः ते ऐकतो. दर आखाजीला तो एकटा वर जातो, गोवर्धनच्या हाती राख पाठवतो. रानातल्या लाकडाची, चाळून, दोनदा पाहून. गोदाबाईकडून पोचल्याचा निरोप येतो. त्यापलीकडे ती काही विचारत नाही, पाकोळ्यांचंही नाही. या साली दाराशी खरंच एक घरटं झालं होतं. त्यानं निरोपात सांगायचं म्हटलं आणि सांगितलं नाही.

आणि ते फडकं? रिकामी बखार आहे, घर आहे, देव्हारा आहे. पण त्याला ठेवायला नत्थुजीला जागा सापडलेली नाही. तो ते कमरेला बांधून फिरतो. ओट्यावर गप्पा रंगात आल्या की मध्येच त्याचा हात तिथं जातो आणि चाचपून परत येतो. कापसाच्या त्या चार वर्षांत किती मिळवलं असेल ते अजून कमरेला बांधून हिंडतो बघा, असं गाव म्हणतं, आणि नत्थुजी गावाला तसंच म्हणू देतो.